पंधराशे वॅटची किटली, मीटरखाली उभं राहून तपासलेली

नवी पेठेतून ८९९ रुपयांना स्टीलची दीड लिटरची इलेक्ट्रिक किटली आणून तीन महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही. खोक्यावर ‘१५०० वॅट, एक लिटर तीन मिनिटांत’ असं छापलंय. मी दहावीचं विज्ञान शिकवते, असं काही वाचलं की हात वहीकडे जातोच.

पाणी एक लिटर, २८ अंशांवर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, म्हणून आपल्याकडे पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. वाढ ७०.५ अंश, किलोला अंशामागे ४.१८ किलोज्यूल, झाले २९५ किलोज्यूल. सगळी उष्णता पाण्यातच गेली तरी १९६ सेकंद लागणार. तीन मिनिटं कुठली? मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी घेतलं तर जमेलही, ते अर्धं उकळलेलंच असतं.

प्रत्यक्षात लागली चार मिनिटं दहा सेकंद. मग घरातलं बाकी सगळं बंद करून क्लासच्या दोन पोरांना मीटरखाली उभं केलं. आमच्या मीटरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. “काय करालास बे, मोज की!” अशी आपसात भांडत त्यांनी मिनिटाला ७२ मोजले. पंधराशे वॅटला ८० हवे होते. म्हणजे किटली ओढत होती १३५० वॅट. हा तिचा दोष नाही, संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज पडतं. २३० चं २१८ झालं की वॅट दहा टक्के उतरतात. २५० सेकंदांत घेतले ३३७ किलोज्यूल, पाण्यात गेले २९५. सत्त्याऐंशी टक्के! गॅसवरच्या पातेल्याला हे जमत नाही.

तक्रार झाकणाची आहे. उकळी आली की वाफ आतल्या भोकातून मुठीकडच्या दोन धातूंच्या पट्टीवर जाते, पट्टी तापून वाकते आणि बटण पडतं. माझ्या किटलीचं झाकण ढिलं, वाफ वरूनच पसार. बटण पडतच नाही, पाणी आपलं खदखदतंय. एकदा मुद्दाम पाच मिनिटं तसंच ठेवलं आणि आधी-नंतर वजन केलं: १६५ ग्रॅम पाणी गायब. वाफ व्हायला ग्रॅमला २२५७ ज्यूल, म्हणजे ३७२ किलोज्यूल गेले. अख्खा लिटर उकळीला आणायला २९५, आणि वाटीभर पाणी उडवायला ३७२! तापमान मात्र तिथेच, थर्मामीटरचा पारा हलला नाही. पोरं गणितात अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता नुसती वाफ करण्यात जाणारी उष्णता, धरायला विसरतात, त्यांना हे दाखवलं. सासूबाईंचं गणित वेगळं: “नळाला पाणी चार दिवसांनी, आणि ही हवेत सोडती.”

दुकानदाराकडे गेले तर, “मॅडम, झाकण जरा दाबून धरा की.” बदलून दिली नाही. आता झाकणावर शेंगा कुटायचा छोटा बत्ता ठेवते, बटण वेळेवर पडतं.

पाचपैकी तीन तारे. एक झाकणाचा कापला, एक खोक्यावरच्या तीन मिनिटांचा. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी दर पंधरवड्याला लिंबू पिळून उकळा, तळाला पांढरा थर बसतो. वायर आखूड आहे, ओट्यापासून प्लग लांब असेल तर आधी माप घ्या.