रुपया घसरला की सोन्याची भिशी का बुडते

‘रुपया पडतोय, सोनं चढतंय. दर आजच बांधून घ्या!’ अशी पाटी सराफाच्या दारात लागते, तेव्हा तिचा पहिला अर्धा भाग खरा असतो. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांवर गेला, २०२२ मध्ये त्याने ८० ओलांडले, डिसेंबर २०२५ मध्ये ९०. आपल्याकडचं बहुतेक सोनं आयात होतं आणि त्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये, ३१.१०३५ ग्रॅमच्या औंसाला ठरतो. त्याला डॉलरच्या दराने गुणायचं, वर आयात शुल्क लावायचं, की इथला भाव निघतो. म्हणजे लंडनमध्ये भाव जराही हलला नाही आणि डॉलर पाच टक्के महागला, तरी पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या सराफांकडे सोनं पाच टक्के महागणार. महागाईची धास्ती घेतलेलं घर सोन्याकडे वळतं, ते बरोबरच आहे. गोची ‘बांधून घ्या’मध्ये आहे.

कारण आगाऊ पैसे देऊन पुढच्या खरेदीसाठी आजचा दर बांधून घेताना हातात सोनं येत नाही, येते पावती. ती म्हणजे दुकानदाराने दिलेला विनातारण शब्द. हा शब्द नेमका सोनं भडकतं तेव्हाच पाळणं त्याला अवघड जातं, म्हणजे ज्या दिवसासाठी आपण पैसे भरत होतो त्याच दिवशी.

आकडे मांडून पाहू. समजा दहा ग्रॅमचा भाव एक लाख आहे आणि पेढीने दहा टक्के आगाऊ घेऊन गिऱ्हाइकांना एकूण पाच किलो सोन्याचा दर बांधून दिला. हाती आले ५० लाख. सहा महिन्यांत भाव एक लाख वीस हजार झाला. आता पाच किलो सोनं जुन्या दराने द्यायचं म्हणजे एक कोटीचा खड्डा. दर बांधला त्याच दिवशी पेढीने तेवढं सोनं विकत घेतलं असतं, किंवा एमसीएक्सवर, म्हणजे सोन्याचांदीच्या वायदे बाजारात, तेवढं सोनं आजच ठरलेल्या भावाने पुढे घेण्याचा वायदा केला असता, तर हा खड्डा पडलाच नसता. मोठ्या पेढ्या हे करतात, त्यासाठी माणसं ठेवतात. उपनगरातली नवी, झगमगीत पेढी बहुधा करत नाही. तिने ते ५० लाख दुसऱ्या शाखेच्या फर्निचरमध्ये, जागेच्या डिपॉझिटमध्ये किंवा भावाच्या नावावरच्या प्लॉटमध्ये घातलेले असतात. सगळेच मालक पहिल्या दिवसापासून पळायचा बेत करून बसलेले नसतात. काही जण नुसते भाव उतरायची वाट पाहत राहतात आणि तोवर नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुन्याला माल देतात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दोन्हींचा शेवट सारखाच.

भिशीतही हातात येतो तो असाच शब्द. सराफाकडे आधी पैसे किंवा सोनं भरून पुढे दागिना घेण्याच्या निरनिराळ्या योजना ‘सुवर्ण भिशी’ या एकाच नावाखाली विकल्या जातात. सर्वांत जास्त चालते ती रुपयांची. महिना दहा हजार, अकरा हप्ते, बारावा दुकानाचा, शेवटी त्या दिवसाच्या भावाने दागिना. हिच्यात रुपयापासून संरक्षण अजिबात नाही. वर्षभर आपले रुपये रुपयेच राहतात आणि खरेदी शेवटच्या, बहुधा सर्वांत चढ्या भावाने होते. वर्षात सोनं वीस टक्के वाढलं तर १,१०,००० रुपयांवरचा दहा हजारांचा बोनस कुठल्या कुठे जातो. शिवाय तो बोनस पुष्कळदा मजुरीत वळता होतो. मजुरी आठ टक्के की अठरा, हे दुकानदारच ठरवणार असतो.

दुसरी ग्रॅमची. दर महिन्याला त्या दिवसाच्या भावाने वजन जमा होतं. तत्त्वतः ही बरी, पण पेढीने ते वजन खरोखर तिजोरीत आणलं तरच. चारशे सभासद प्रत्येकी दहा हजार भरत असतील तर महिन्याला ४० लाख, म्हणजे वरच्या भावाने चारशे ग्रॅम. ते आणलं की नाही हे काउंटरच्या अलीकडून तपासायची सोय नाही.

सर्वांत वाईट ती जुन्या दागिन्यांची. ‘मोडीचं सोनं आज ठेवा, वर्षाने तेवढ्याच वजनाचा नवा दागिना, मजुरी माफ.’ आजीच्या पाटल्या त्याच आठवड्यात वितळतात आणि त्यांची रोकड होते. हिच्यातच एक पोटप्रकार असतो: लाखाला महिना दीड टक्का, रोख. बँक वर्षाला सहा-सात टक्के देत असताना सराफ अठरा टक्के कुठून देणार, एवढा एकच प्रश्न इथे पुरे. अशी अनियंत्रित ठेव घेणं हाच २०१९ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. योजना अकरा महिन्यांच्या का असतात, त्याचंही उत्तर कायद्यातच आहे. कंपनीने मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती केली नाही तर ती ठेव ठरते. म्हणून ‘अकरा महिने झाले, आता पुढे चालू ठेवा’ हे वाक्य कानावर पडलं की तिथेच थांबावं.

अडकलेल्यांचा अनुभव जवळजवळ एकाच साच्याचा असतो. पहिल्या वर्षी सगळं सुरळीत होतं. दागिना वेळेवर मिळतो, वर पेढा आणि चांदीचं नाणं. मग त्याच घरातून वहिनी, मावशी, सोसायटीतल्या तिघीजणी जोडल्या जातात. दुसऱ्या वर्षी मुदत भरल्यावर ‘कारागीर गावाला गेलाय’, ‘माल हॉलमार्किंगला गेलाय’ सुरू होतं. हॉलमार्किंगला एरवी एखाद-दोन दिवस लागतात, तीन आठवडे नाही. पुढे मुदत वाढवली तर दुप्पट बोनस. मग काउंटरवरचे ट्रे विरळ होतात, ओळखीचा सेल्समन दिसेनासा होतो आणि पुढच्या तारखेचे चेक मिळतात. शेवटी शटरवर ‘नूतनीकरणासाठी बंद’.

‘कारागीर गावाला’ हे कारण दुसऱ्यांदा ऐकलं की त्याच दिवशी जे मिळेल ते उचलावं. नाणं, साखळी, वेढणं, नावडत्या घडणीचा हार, काहीही. मजुरीत पाच-दहा टक्के गेले तरी चालतील. इथे भिडस्तपणा महागात पडतो. ‘इतक्या वर्षांचे संबंध आहेत’ म्हणून थांबलेली घरंच रांगेत शेवटी राहतात.

याच टप्प्यावर एक कागदी चलाखी होते आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. पेढी मूळ पावत्या व कार्ड परत मागते आणि बदल्यात पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी केलेला करार देते. त्यात लिहिलेलं असतं, की अमुक रक्कम ‘हातउसनी’ घेतली होती. सही केली, की योजनेत पैसे भरणारं गिऱ्हाईक खासगी सावकार होऊन बसतं आणि योजना होती याचा पुरावा समोरच्याच्या कपाटात जातो. मूळ पावती कधीही सोडू नये. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत, यूपीआय किंवा चेकच्या नोंदीचं बँक स्टेटमेंट काढावं, योजनेचं माहितीपत्रक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश जपावेत. पावतीवर जीएसटी दिसला नाही म्हणून मात्र घाबरू नये. मालाच्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारणपणे तो लागत नाही. जुने दागिने दिले असतील तर पावतीवर एकूण वजन, खड्यांचं वजन, मशीनवर आलेली शुद्धता आणि निव्वळ वजन मिलिग्रॅमपर्यंत हवं. नुसतं ‘जुने दागिने ४ नग’ लिहिलेलं असेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

चेक परत आला तर मुदती काटेकोर आहेत. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत भरायचा. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते गेले की पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली. ‘परत भरा, या वेळी नक्की पास होईल’ म्हणत मालक हेच दिवस खातो.

पोलिसांकडे एकेकट्याने जाण्यापेक्षा पंधरा-वीस जणांनी नावं, रकमा, तारखा यांचा एकच तक्ता करून जावं. आधी हद्द पाहावी. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही तीन वेगळी पोलीस दलं आहेत. रक्कम मोठी असेल तर प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे जातं. तक्रारीत फसवणूक आणि विश्वासघाताच्या कलमांबरोबर एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा लावण्याची मागणी लेखी करावी. या कायद्यातल्या ठेवीच्या व्याख्येत पैशाबरोबर मौल्यवान वस्तूही येते, म्हणून मोडीचं सोनं ठेवलेल्यांनाही तो उपयोगी पडतो. त्याखाली सरकार मालकाची मालमत्ता जप्त करू शकतं आणि ती विकून पैसे वाटले जातात. वर्षं लागतात, आणि पूर्ण रक्कम हाती येईलच असं धरून चालू नये. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण पळालेल्या मालकाविरुद्धचा निकाल फ्रेम करून भिंतीवर लावण्यापलीकडे फारसा कामाचा नसतो.

आता हप्ता भरायचाच आहे, तर तो कुठे? सोन्यापुरतं सांगायचं तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात विकत घेता येणारा सोन्याचा फंड. डीमॅट खातं लागतं, युनिट लहान असतं, सोनं फंडाच्या कस्टोडियनकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेकडे असतं आणि वर शेअर बाजाराच्या नियामकाची, सेबीची देखरेख. भाव रुपयांतला असल्यामुळे रुपयाच्या घसरणीचा परिणाम त्यात आपोआप येतो. सरकारी सुवर्णरोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही, पण जुने रोखे शेअर बाजारात मिळतात. अ‍ॅपवरच्या ‘डिजिटल गोल्ड’वर आपलं नियंत्रण नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्येच दिला आहे, तेव्हा दहा रुपयांत सोनं म्हणून हुरळून जायचं कारण नाही.

हातात सोनंच हवं असेल तर गुरुपुष्यामृताला रोख मोजून वेढणं घ्यावं आणि त्याच मिनिटाला घरी आणावं. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला हॉलमार्क सक्तीचा नाही, म्हणून दर महिन्याला एक ग्रॅम घेण्यापेक्षा तीन-चार महिन्यांचे पैसे बँकेत साठवून एकदम घेणं शहाणपणाचं. दागिन्यावर एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा स्वतःचा ओळख क्रमांक, सक्तीचा आहे. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की शुद्धता, हॉलमार्किंग केंद्र आणि वस्तूचा प्रकार दिसतो. हातात साखळी आणि अ‍ॅपवर अंगठी, असं झालं तर पैसे देण्याआधी उठावं. बँकेतून नाणं घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की बँक ते परत विकत घेत नाही. आणि सोनं फक्त वरच जातं असंही नाही. जुलै २०२४ मध्ये आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं तेव्हा भाव एका दिवसात घसरले होते. घरच्या बचतीच्या दहा-पंधरा टक्क्यांपुढे सोनं नेऊ नये, हे आमचं मत.

मुलगी एमएसला जाणार असेल तर रुपयाची धास्ती सोन्याने भागत नाही, तिथे डॉलरच लागतात. त्याच घरांना हल्ली ‘डॉलरमध्ये ट्रेडिंग करा’ म्हणणाऱ्या ग्रुपमध्ये ओढलं जातं. पाच हजार टाकल्यावर सहा हजार काढूही देतात. मग दोन लाख टाकले की ते काढण्यासाठी आधी ‘टॅक्स’ भरायला सांगतात. परदेशी फॉरेक्स प्लॅटफॉर्मवर मार्जिन, म्हणजे सौद्यांसाठीची अनामत, भरायला पैसे पाठवणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली मुळातच चालत नाही आणि अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध करते. पैसे कुणा ट्रेडर्स-एंटरप्रायझेसच्या खात्यात जात असतील तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. सेबीकडे नोंद असलेल्या दलालांना आणि फंडांना आता यूपीआयमध्ये ‘@व्हॅलिड’ असलेला पत्ता मिळतो, तो इंग्रजी अक्षरांत नीट वाचावा. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा, तेव्हाच खातं गोठण्याची शक्यता जास्त असते. फीचे डॉलर अधिकृत बँकेतून, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत पाठवता येतात. नोटा घरात साठवायला मात्र प्रवासातून उरलेल्या दोन हजार डॉलरपर्यंतच मुभा आहे.

सोनं आणि डॉलर या दोन्हींच्या आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत हवा. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला, त्यामुळे पुणेकरांना ठेव विम्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. विमा पाच लाखांचा, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून. पतसंस्था नागरी असो की मल्टिस्टेट, तिच्या ठेवींना हा विमा नाही, मग माहितीपत्रकावर ‘सुरक्षित’ कितीही ठळक छापलेलं असो. नवरा-बायकोचं संयुक्त खातं असेल तर नावांचा क्रम उलटा करून काढलेलं दुसरं संयुक्त खातं विम्यासाठी वेगळं धरलं जातं आणि त्याला स्वतंत्र पाच लाख मिळतात.