काही महिन्यांच्या वापरानंतर जावा : नवशिक्याला तिच्या कडकपणाचा फायदा होतो का?

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगची, म्हणजे माहिती आणि तिच्यावर काम करणारा कोड एकत्र बांधून प्रोग्राम लिहिण्याच्या पद्धतीची, सुरुवात जावा या प्रोग्रामिंग भाषेपासून करावी का, असे कोणी विचारले तर काही महिने ही भाषा सातत्याने वापरल्यानंतर माझे उत्तर होकारार्थी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जाहीर केलेल्या या भाषेवर शब्दबंबाळपणाचा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पूर्णपणे चुकीचा नाही. तरीही ज्या कडकपणामुळे ती सुरुवातीला जड वाटते, तोच कडकपणा शिकणाऱ्याला विचार करायला लावतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

सरावासाठी मी बुद्धिबळाचे घड्याळ लिहायला घेतले. एका खेळाडूचा उरलेला वेळ सांभाळणारा एक क्लास, म्हणजे साचा, आणि त्या साच्यातून घडवलेले दोन ऑब्जेक्ट. दोघांची मेथड, म्हणजे काम करणारा कोड, एकच, पण वेळ ज्याचा त्याच्याजवळ. क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक कोणत्याही व्याख्येपेक्षा इथे जास्त स्वच्छ कळतो. उरलेला वेळ प्रायव्हेट ठेवला की बाहेरचा कोड तो परस्पर बदलू शकत नाही. त्याला ‘सुरू कर’ किंवा ‘थांब’ एवढेच सांगता येते. मग पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : दोन्ही घड्याळे एकाच वेळी चालू राहणार नाहीत, ही जबाबदारी कोणाची? ती एका खेळाडूच्या वेळेची असू शकत नाही, म्हणून दोघांना सांभाळणारा तिसरा ऑब्जेक्ट लागतो. अशी जबाबदारीची वाटणी करता येणे हाच या पद्धतीचा गाभा आहे.

वेळ मोजण्यासाठी जावाची नॅनोटाइम ही मेथड वापरली, तर ती नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत, ‘लाँग’ या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारची संख्या परत देते. ती ‘इंट’ या लहान पूर्णांकाच्या प्रकारात साठवू पाहिल्यास कंपाइलर, म्हणजे कोड चालण्याआधी तो तपासून भाषांतरित करणारा प्रोग्राम, तिथेच अडवतो आणि ओळ क्रमांकासह कारण सांगतो. हे अडवणे योग्यच आहे, कारण इंटची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ असल्यामुळे त्यात जेमतेम २.१ सेकंदांचे नॅनोसेकंद मावतात. मात्र हे संरक्षण सर्वत्र मिळत नाही. पाच मिनिटांचे नॅनोसेकंद काढताना गुणाकारातल्या सगळ्या संख्या इंट असतील, तर उत्तर लाँगमध्ये ठेवले तरी गुणाकार आधीच मर्यादेबाहेर जाऊन चुकलेला असतो आणि कंपाइलर त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही.

जावात खरी अवघड जागा आहे ती रेफरन्सची, म्हणजे व्हेरिएबलमधून ऑब्जेक्टकडे केलेल्या निर्देशाची. एक ऑब्जेक्ट दुसऱ्या व्हेरिएबलला दिला म्हणजे त्याची प्रत तयार होत नाही. दोन्ही नावे त्याच ऑब्जेक्टकडे निर्देश करतात. त्यामुळे दोन बरोबर-चिन्हांनी केलेली तुलना मजकूर सारखा आहे का हे पाहत नाही, तर ऑब्जेक्ट एकच आहे का हे पाहते. मजकुरासाठी ‘इक्वल्स’ हवे. गोंधळ वाढतो तो अपवादांमुळे. कोडमध्ये थेट लिहिलेल्या दोन सारख्या स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे, या तुलनेत समान ठरतात. ‘इंटिजर’ या इंटला गुंडाळणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये ठेवलेले दोन १२७ समान ठरतात आणि दोन १२८ नेहमीच्या मांडणीत समान ठरत नाहीत, कारण -१२८ ते १२७ एवढ्या संख्यांचे ऑब्जेक्ट जावा आधीच तयार ठेवून पुन्हा वापरते. हा भाग कितीही कंटाळवाणा वाटला तरी घाईने ओलांडू नये. नलच्या, म्हणजे कोणत्याच ऑब्जेक्टकडे निर्देश न करणाऱ्या नावाच्या, एररचा त्रास मात्र पूर्वीपेक्षा कमी झाला आहे : जावा १५ पासून नेमकी कोणती गोष्ट नल होती, हे संदेशातच वाचायला मिळते.

इन्हेरिटन्स, म्हणजे एका क्लासचे गुण घेऊन त्याचा वारस क्लास बनवणे, प्राथमिक धड्यांत फार लवकर शिकवले जाते, असे मला वाटते. प्रत्येक चालीनंतर काही सेकंद वाढवून देणारे घड्याळ हवे झाले, तेव्हा मूळ क्लासचा वारस बनवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण वेळवाढीचा नियम एका छोट्या इंटरफेसमागे (कोणत्या मेथड हव्यात एवढेच ठरवणाऱ्या करारामागे) ठेवून घड्याळाला बाहेरून दिला, तर नवा नियम आणताना जुन्या कोडला हातही लावावा लागत नाही. चालींची नोंद ठेवण्यासाठी जावा १६ मध्ये पक्के झालेले रेकॉर्ड, म्हणजे केवळ माहिती साठवणारे छोटे क्लास, उत्तम आहेत. कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारा कोड) आणि इक्वल्स ते स्वतःच पुरवतात.

पहिल्याच प्रोग्राममध्ये, तो जिथून सुरू होतो त्या मेन मेथडसाठी, ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ लिहावे लागणे, ही या भाषेची जुनी अडचण होती. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये क्लासची चौकट न लिहिता साधी मेन मेथड पुरते, त्यामुळे नवशिक्याने जुन्या आवृत्तीवर सुरुवात करण्याचे कारण उरलेले नाही. एकेक ओळ तपासून पाहायची असेल तर जावा ९ पासून सोबत येणारे जेशेल, म्हणजे टाइप केलेली ओळ लगेच चालवून दाखवणारे साधन, आहेच. रेफरन्स आणि तुलनेचे वरचे सगळे प्रयोग तिथे करून पाहावेत. वाक्य पुरे करून देणारे मोठे एडिटर मात्र सुरुवातीचे काही आठवडे दूर ठेवावेत, म्हणजे कंपाइलरचे संदेश स्वतः वाचण्याची सवय लागते.