स्पेनमध्ये राहून स्पॅनिश शिकायचंय: सरकारी शाळा की खासगी अकादमी?

माद्रिदला येऊन महिना-दीड महिना झाला की हा प्रश्न बहुतेकांना पडतोच. ऑफिसात इंग्रजीवर भागतं. पण घरमालक, बँक, दवाखाना, पत्त्याची नोंदणी करणारं पालिकेचं कार्यालय, यांच्या दारात इंग्रजी संपतं. मी आधी सात महिने एका खासगी अकादमीत शिकलो आणि नंतर दोन वर्षं सरकारी भाषाशाळेत, म्हणजे एस्कुएला ओफिसिआल दे इदिओमासमध्ये. या शाळांची परंपरा जुनी आहे. पहिली माद्रिदलाच १९११ साली सुरू झाली आणि आता त्या देशभर आहेत. मी काही मोजमाप केलेलं नाही, जे सांगतोय ते अनुभवाचं. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या शिक्षकाकडे तुम्हाला वेगळं चित्र दिसू शकेल.

पैशांचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात तुलना करण्यासारखं फारसं नाही. अकादमीत आठवड्याला चार तासांच्या संध्याकाळच्या वर्गाला मी महिन्याला ९५ युरो भरत होतो. सरकारी शाळेची फी त्या त्या स्वायत्त प्रांताचं सरकार ठरवतं, त्यामुळे माद्रिद आणि आंदालुसियाचा आकडा एक नसतो. माझी मात्र अख्ख्या वर्षाची फी अकादमीच्या तीन महिन्यांपेक्षा कमी होती. तीन किंवा जास्त मुलं असतील, तर 'फामिलिया नुमेरोसा'चं कार्ड काढून फीमध्ये सवलतही मिळते.

मग सगळेच तिकडे का जात नाहीत? कारण आत शिरणं सोपं नाही. प्रवेशाचे अर्ज ठरावीक दिवसांतच घेतात, बहुधा वसंतात. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते. थोडीफार भाषा येत असेल, तर पातळी ठरवायची परीक्षा द्यावी लागते. वर्ग सुरू होतात सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात आणि संपतात मे-जूनमध्ये. मी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येऊन पोहोचलो. शाळेच्या खिडकीवरच्या बाईंनी एक तारखांचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि पुढच्या वर्षाच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली.

अकादमीत तसं काही नव्हतं. "कुठल्याही सोमवारी या," असं त्यांनी सांगितलं आणि मी पुढच्याच सोमवारी वर्गात बसलो. या सोयीचं तेव्हा मला फार अप्रूप वाटलं होतं. पुढे मी अकादमी सोडली, तीही याच सोयीमुळे.

झालं असं, की कुठल्याही सोमवारी मी येऊ शकतो, तर इतरही येऊ शकतात. दर सोमवारी वर्गात दोन-तीन नवे चेहरे असायचे. कुणी दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेलं, कुणी महिनाभरासाठी. एक मुलगी तर विमानतळावरून थेट आली होती, तिची चाकांची बॅग फळ्याखाली उभी होती. शिक्षिका स्वभावाने फार चांगल्या होत्या. त्या फळा पुसायच्या आणि नव्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून पुन्हा ओळखीपासून सुरुवात करायच्या: नाव काय, कुठून आलात, काम काय करता. त्यात सोमवार जायचा. बुधवारी मागच्या आठवड्याची उजळणी, म्हणजे नव्यांसाठी पहिला पाठ. आठवड्यात दोनच वर्ग, त्यामुळे पुढे सरकायला हाती उरायचं ते बुधवारचा शेवटचा अर्धा तास. सात महिन्यांत मी माझं नाव-गाव-काम किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. तेवढी वाक्यं मात्र माझी पक्की झाली.

मराठी माणसाला हे जास्तच जाचतं, असं माझं मत आहे. कारण पहिला महिना आपल्याला तसा सोपा जातो. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून म्हणायचे असतात, इंग्रजी बोलणाऱ्यांना ते घोटून घ्यावे लागतात. 'मे गुस्ता' म्हणजे सरळ 'मला आवडतं', रचनाही तीच. नामांना लिंग असतं याचं आपल्याला नवल वाटत नाही. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोनच. तुम्ही आणि तू यांतला फरकही कुणी समजावून द्यावा लागत नाही. आपली खरी अडचण पुढे सुरू होते. आपल्या एका 'आहे'साठी त्यांच्याकडे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं. 'एस आबुर्रिदो' म्हणजे माणूस कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळलाय. चूक झाली तर समोरच्याचा अपमानच. 'तो येईल तेव्हा' असं आपण भविष्यकाळात म्हणतो, ते 'कुआन्दो बेंगा' असं वेगळ्याच रूपात म्हणतात. हे अंगवळणी पडायला एकामागोमाग एक आठवडे लागतात. दर सोमवारी मागे जाणाऱ्या वर्गात ते होत नाही. भूतकाळाच्या दोन रूपांपाशी, 'इबा' आणि 'फुई'पाशी, आमचा वर्ग तीनदा पोहोचला आणि तिन्ही वेळा सोमवार आडवा आला.

सरकारी शाळेत तोच धडा नोव्हेंबरात आला. बाईंनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि त्यावर एक ठिपका दिला. रेघ म्हणजे इबा, ठिपका म्हणजे फुई. मी वहीत रेघेखाली 'जायचो' लिहिलं आणि ठिपक्याखाली 'गेलो'. पुढच्या वर्गात बाई तिथूनच पुढे निघाल्या. त्याच्या पुढच्या वर्गातही. ऑक्टोबरात आम्ही २४ जण होतो, मे महिन्यात १७ उरलो. गळती झाली, पण मध्येच नवं कुणी आलं नाही. कोण कुठे चुकतं हे बाईंना नावानिशी माहीत होतं. या शाळांतले कायम शिक्षक स्पर्धा परीक्षा देऊन लागलेले सरकारी नोकर असतात. माझ्या दोन्ही बाई तशाच होत्या, आणि दोन्ही वर्षी ऑक्टोबर ते मे एकच शिक्षिका मिळाली.

आणखी एक फरक मला तिथे गेल्यावरच कळला. अकादमीत मधली सुट्टी झाली की सगळे इंग्रजीत बोलायला लागायचे. सरकारी शाळेत माझ्या बाकावर मोरोक्कोचा एक स्वयंपाकी, मागे युक्रेनची एक परिचारिका आणि पलीकडे दुकान चालवणाऱ्या एक चिनी काकू. आमच्यात समान भाषा एकच, ती म्हणजे तुटकंमुटकं स्पॅनिश. काकूंना माझ्याकडून मोबाइलचं बिल समजून घ्यायचं होतं आणि मला त्यांच्याकडून भाड्याच्या घराची अनामत परत कशी मागायची ते. त्या वीस मिनिटांत मी जेवढं बोलायचो, तेवढं अकादमीच्या पूर्ण तासात होत नसे.

सरकारी शाळेत त्रास नाहीत असं नाही. वीस-बावीस जणांच्या वर्गात प्रत्यक्ष बोलायची पाळी कमी येते. शेवटचे दोन महिने परीक्षेच्या नमुन्यांतच जातात. पुढच्या वर्षाच्या नोंदणीची तारीख चुकली तर जागा हातची जाते, आणि आठवण करून द्यायला कुणी फोन करत नाही. ज्यांच्या कामाच्या पाळ्या बदलतात, त्यांना ठरलेल्या वेळेचा वर्ग वर्षभर सांभाळणं कठीणच. आमच्यातले सात जण गेले ते बहुतेक याच कारणाने.

म्हणून काहींना अकादमीच बरी, हेही मान्य करायला हवं. तुम्ही तीन-चार महिन्यांसाठीच असाल, रोज सकाळी चार तास बसायची तयारी असेल किंवा विद्यार्थी व्हिसासाठी पूर्णवेळ अभ्यासक्रम हवा असेल, तर सरकारी शाळेचा आठवड्यातून दोनदा भरणारा वर्ग कामाचा नाही. अकादमी निवडताना ती इन्स्तितुतो सर्बांतेस या स्पॅनिशचा प्रसार करणाऱ्या सरकारी संस्थेची मान्यताप्राप्त आहे का ते बघाच. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: वर्ग सुरू झाल्यावर मध्ये नवे विद्यार्थी घेता का? "घेतो, पण पातळी बघून" असं उत्तर आलं, तर एक वर्ग नुसता बसून बघू द्या म्हणावं, आणि तो सोमवारचाच मागावा. ठरलेल्या गटाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिकवणाऱ्या अकादमीही आहेत. मला तशी आधी मिळाली असती, तर कदाचित मी हे वेगळं लिहिलं असतं.

हातात पैसेच नसतील तर प्रौढ शिक्षण केंद्रं आहेत, माद्रिदमध्ये त्यांना 'सेपा' म्हणतात. क्रूस रोहा, म्हणजे रेड क्रॉस, स्थलांतरितांसाठी मोफत वर्ग घेते. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी तिथूनच सुरुवात केली आणि त्यांचं चांगलं झालं. वर्ग बहुतेक सकाळचे होते, ते नोकरीमुळे मला जमले नाहीत. 'इंतेर्काम्बिओ', म्हणजे मी तुला इंग्रजी आणि तू मला स्पॅनिश, हा प्रकार मी करून पाहिला. जोडीला ठीक आहे. समोरच्याचं इंग्रजी आपल्या स्पॅनिशपेक्षा चांगलं असेल, तर गप्पा कधी इंग्रजीवर घसरतात ते कळत नाही.

ज्यांना इथेच राहायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. भारतीयांना नागरिकत्वासाठी साधारणपणे १० वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं, शिवाय भाषेची ए२ पातळी (म्हणजे रोजच्या साध्या कामांपुरती भाषा) आणि स्पेनविषयीची 'सेसेएसेए' ही परीक्षा. तिच्यात २५ प्रश्न असतात, १५ बरोबर आले की पास. भाषेसाठी 'देले' परीक्षा वेगळी फी भरून देता येते, पण सरकारी शाळेचं त्या पातळीचं प्रमाणपत्रही चालतं. वर्षभर शिकायचंच आहे, तर तो कागदही हाती येतो.

आज पुन्हा आलो तर मी काय करेन? वसंतात सरकारी शाळेचा अर्ज भरेन. सोडतीत नाव नाही आलं तर सप्टेंबरात उरलेल्या जागांची यादी लागते, तिच्यावर नजर ठेवेन. मधल्या काळात अकादमी लावेन, पण फी महिन्याची भरेन, सहा महिन्यांची सवलत घेणार नाही. आणि पहिल्या पातळीत बसण्याआधी पातळीची परीक्षा नक्की देईन. आपल्याला वाटतं त्यापेक्षा वरचा वर्ग मिळू शकतो.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत ताप आला म्हणून आरोग्य केंद्रात गेलो होतो. बाकांवर दहा-बाराजण बसलेले, रांग दिसत नव्हती. इथे रांग डोळ्यांना दिसत नाही, ती विचारून घ्यावी लागते, हे आम्ही वर्गात डॉक्टर-पेशंट करून शिकलो होतो. मी दारातूनच विचारलं, "किएन एस एल उल्तिमो?" शेवटचं कोण? खिडकीपाशी बसलेल्या आजोबांनी हात वर केला. मी जाऊन बसलो. दोनच मिनिटांत एक बाई बाळाला घेऊन आत आल्या आणि त्यांनी तेच विचारलं. मी हात वर केला आणि म्हणालो, "यो."