शिक्का खोटा, म्हणून वारस खरी

या रहस्यकादंबरीचा पहिला भाग जिथे थांबला, तिथूनच हा दुसरा सुरू होतो: नौपाड्यातल्या कपाटात मृणालला स्वतःचे दोन जन्मदाखले सापडले आहेत, जन्मतारीख एकच, आईबाप वेगळे. आधीचा भाग वाचला नसेल तर हा उघडू नका. मागचं पुन्हा सांगण्यात लेखिकेने पानं घालवलेली नाहीत, आणि तेच बरं. (खाली थोडं रहस्य फुटतं.)

सगळा डोलारा एका गोल शिक्क्यावर उभा आहे. त्यातला एक दाखला 1988 चा, शिक्का नवी मुंबई महानगरपालिकेचा. ही महापालिका सुरू झाली 1 जानेवारी 1992 ला. आता, जुन्या नोंदीची नक्कल नंतर काढली तर तिच्यावर नवा शिक्का येऊ शकतो, आणि घाईत लिहिणारा इथेच घसरला असता. पण या कागदावर दाखला दिल्याची तारीखसुद्धा 1988 चीच आहे. म्हणजे कागद बनावट.

त्यापुढची गुंफण फार सुरेख आहे. मृणाल रीतसर दत्तक गेली असती, तर 1956 च्या दत्तक कायद्याने जन्मघराशी तिचं वारसाचं नातं तुटलं असतं. तिला वाढवणाऱ्या ठाण्याच्या जोडप्याने दत्तकविधान टाळून खोटा दाखला केला, म्हणूनच कायद्याने ती अजून घणसोलीच्या आगरी घराची लेक आहे. त्या घराची शेतं सिडकोने घेतली, बदल्यात साडेबारा टक्के योजनेतला (घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा) भूखंड मिळाला, आणि चुलतभावाने वारस दाखला काढताना तिचं नावच घातलं नाही. तिच्या जिवावर कुणी का उठावं, हे इथे पटतं. 'तुझा बाप 1998 लाच गेला, 2005 चा कायदा तुला लागत नाही' (म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा देणारा कायदा), हा त्याच्या वकिलाचा दम सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालापुढे टिकत नाही: 2005 ला बाप हयात असायलाच हवा असं नाही, असं तो निकाल सांगतो. टिकू शकतं ते मुख्यतः 20 डिसेंबर 2004 च्या आधीचं नोंदणीकृत वाटपपत्र. ते झालं होतं की नाही, या शोधाची मधली सत्तरेक पानं हातातून सुटत नाहीत.

बोलीचा वापरही कथेच्या कामाचा आहे. लहानपणीच्या आठवणीत मृणालला एका आगरी म्हातारीचा 'वारा' हा शब्द तेवढा आठवतो आणि ती वाऱ्यामागे लागते. आगरी बोलीत शब्दाच्या मधल्या 'ड'चा 'र' होतो. म्हातारी वाड्याबद्दल बोलत होती. हे कळतं त्या पानावर अंगावर काटा येतो. मात्र हीच म्हातारी पुढे 'डोळा', 'पाणी' असं शुद्ध बोलते, ते कानाला टोचतं. 'डोला', 'पानी' हवं. तसंच 1996 च्या प्रसंगात ठाण्याहून घणसोलीला लोकल आहे. त्या मार्गावर प्रवासी गाड्या 2004 ला सुरू झाल्या.

या चुका दुरुस्त होण्यासारख्या आहेत. शेवटचा डीएनए अहवाल तसा नाही. चुलतभावाच्या नमुन्याशी तुलना करून प्रयोगशाळा 'नातं 99.99 टक्के' असं सांगते. असा आकडा आईबाप आणि मूल यांच्या चाचणीत येतो. चुलत भावंडांत सामाईक डीएनए असतो सरासरी साडेबारा टक्के (योजनेचाच आकडा, आणि लेखिकेच्या हातून तो निसटला!), आणि प्रत्यक्षात तो बराच कमीजास्त होतो, एवढ्यावर कोर्टात नातं उभं राहणं अवघड. वाय गुणसूत्राची चाचणीही इथे निरुपयोगी, कारण मृणालकडे ते नाहीच.

वाट पुस्तकातच होती. बाप आपलं एकुलतं एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलीला जवळजवळ जसंच्या तसं देतो, म्हणून एका बापाच्या दोन मुलींमध्ये ते जुळतं, आया वेगळ्या असल्या तरी. हक्कसोडपत्रावर सही करून बसलेली सावत्र बहीण चौदाव्या प्रकरणात दारात येते, मृणालच्या हातात चहाचा कप देते आणि आत जाते. कथा तिच्याकडे परत जायला हवी होती.