रिज रीमर: बरेच महिने वापरल्यावर, आणि ब्लेडवरून झालेला वाद

रिज रीमर म्हणजे इंजिनच्या सिलेंडरच्या वरच्या टोकाला उरलेली कड कापून काढायचं टूल. माझ्या टूलच्या ब्लेडचा कोपरा उडाला म्हणून लिहायला बसलोय. विकणाऱ्याचं म्हणणं, ब्लेड झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही. अहो झिजलं असतं तर मी काही बोललो नसतो, हे तुटलंय! आणि सुटं ब्लेड मिळत नाही, पूर्ण टूल घ्या म्हणतात. बाकी सगळं ठणठणीत असताना नखाएवढ्या तुकड्यासाठी अख्खं टूल भंगारात? मला नाही पटत.

टूलची गरज का पडते ते सांगतो. वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथून खाली बोअर (सिलेंडरची आतली भिंत) झिजतो, वरची पट्टी तशीच राहते, त्यावर कार्बन बसतो, नख फिरवलं की अडकतं. ही कड न काढता खालून हातोडीच्या दांड्याने पिस्टन ठोकला तर रिंगा अडकतात आणि लँड (पिस्टनवरची दोन रिंगांच्या खाचांमधली पट्टी) तुटते. बरेच जण ठोकतातच, पिस्टन नवाच टाकायचाय म्हणून. मला हेच खटकतं. कारण मग तुटलेली लँड इंजिन चालताना नॉकिंगने (इंधनाच्या अवेळी भडक्याच्या ठोक्यांनी) तुटली की आपण काढताना, हे सांगणार कसं? नवा पिस्टन बसेल आणि मूळ दुखणं आतच राहील.

सुरुवातीला हे टूल मला अजिबात आवडलं नव्हतं. फिरवायला जड, किरकिर आवाज, कापलेल्या जागी लाटा. पण आधी कार्बन खरवडून डिझेलच्या फडक्याने पुसला, ब्लेडचा दाब कमी ठेवला आणि सावकाश एकाच दिशेने फिरवलं, की तेच टूल सुरेख कापतं, म्हणून ते मत मी बदललंय. ब्लेड कार्बाइडचं आहे, ते कडक असतं पण ठिसूळ, उलटं फिरवलं तर धार उडू शकते, आणि पेटीतल्या कागदावर याचा एक शब्द नाही! विकणाऱ्याने निदान एवढं तरी छापावं.

सगळ्यात आवडलं ते खालचं टेकण. रिंग जिथे फिरते त्या भागात साधारण ०.८ मिमीपेक्षा खाली कापायचं नसतं, ते टेकण तिथेच थांबवतं. कापताना पिस्टन तळाला नेऊन वर फडकं कोंबायचं, नाहीतर कीस रिंगांत जातो. निकासिलसारखं पातळ, कडक कोटिंग असलेल्या बोअरमध्ये मात्र हे घालूच नका.

मागच्या एका इंजिनात सगळे पिस्टन लँड शाबूत ठेवून बाहेर आले. रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आणि त्याच्या खालच्या कॅपवर आधीच नंबर घातले होते (फ्रॅक्चर स्प्लिट, म्हणजे कॅप तोडून वेगळी केलेला रॉड असेल तर पंच मारू नका, मार्कर वापरा), रॉडच्या बोल्टवर रबरी नळी चढवली होती म्हणजे क्रँकच्या जर्नलला (रॉड बसतो त्या गुळगुळीत भागाला) ओरखडा नको. एका पिस्टनच्या स्कर्टवर (रिंगांखालच्या भागावर) घासल्याची खूण तिरकी, एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली. म्हणजे रॉड वाकलेला असणार. वाक तपासायच्या जिगवर लावला तर खरंच वाकलेला होता. पिस्टन ठोकून काढला असता तर तुटलेल्या लँडकडेच सगळं लक्ष गेलं असतं आणि तोच रॉड परत बसला असता.

त्यामुळे टूलला पूर्ण मार्क, विकणाऱ्याला शून्य. घेणार असाल तर आधी विचारा सुटं ब्लेड देता का, आणि हो म्हणाले तर तेव्हाच एक जास्तीचं घेऊन ठेवा.