ज्युरी बरी की जज?
ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणारी सामान्य नागरिकांची मंडळी, म्हटलं की आपल्याकडे नानावटी केसच आठवते, नौदलाच्या ऑफिसर नानावटीवरचा खुनाचा खटला. 1959, मुंबई सेशन्स कोर्ट, नऊ जणांची ज्युरी आणि 8-1 ने 'निर्दोष'! का, ते सांगायचं बंधनच नाही, त्यात बाहेर पेपरवाल्यांनी नौदलाच्या ऑफिसरला हिरो करून ठेवलेलं, मग डोकं शांत ठेवणार कोण. सेशन्स जजला ते पटलं नाही, केस हायकोर्टात गेली नि जन्मठेप झाली. जजचं हेच बरं, कारणं लिहावी लागतात, मग अपिलात ती खोडता तरी येतात. पण एकट्या माणसाचा पूर्वग्रह असला तर? अमेरिकेत गंभीर गुन्ह्यात सहसा बारा जणांचं एकमत लागतं, एकजण अडून बसला तरी दोषी ठरवता येत नाही, हे मात्र मला जाम आवडतं. तरी आपल्याकडे मी जजच घेईन, तारखा कितीही पडोत.