सीलबंद खोक्यातले चुकीचे स्पिटफायर

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची जुनी प्लास्टिक किट्स खासगी विक्रेत्यांकडून घेणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. ज्या गोष्टीवर मी सर्वाधिक विसंबलो, त्या खोक्यावरच्या अखंड सीलमुळेच माझी फसवणूक झाली.

मला स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मार्क ९ आवृत्तीचे १/४८ स्केलचे किट हवे होते. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनांचे फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान समोर आले आणि त्याच्यापुढे स्पिटफायर मार्क ५ कमी पडू लागले. अधिक सुधारित विमान तयार होईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते, म्हणून मार्क ५ च्याच सांगाड्यात दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचे (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्रणेचे) मर्लिन ६१ इंजिन बसवण्यात आले आणि जुलै १९४२ मध्ये मार्क ९ लढाऊ तुकडीत दाखल झाले. तात्पुरती सोय म्हणून निघालेल्या या आवृत्तीने फोके-वुल्फला बरोबरीने तोंड दिले, याचे मला फार अप्रूप आहे. मात्र हाच इतिहास विक्रेत्याच्या पथ्यावर पडला. दोन्ही विमानांचे पंख आणि मागचा भाग बहुतांशी सारखा असल्यामुळे मार्क ५ चे भाग मार्क ९ च्या खोक्यात भरले, तरी वरवर पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

विक्रेत्याने खोक्याची आणि आतल्या स्प्रूंची, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटींची, स्वच्छ छायाचित्रे पाठवली होती, साचा नवा असल्याचे लेखी कळवले होते आणि खोके कारखान्यातून आले तसेच सीलबंद असल्याची ग्वाही दिली होती. खोके कधी उघडलेलेच नसेल, तर आतल्या स्प्रूंची छायाचित्रे आली कुठून, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. उलट, ‘सील फोडू नका, संग्राहकांच्या दृष्टीने किंमत उतरते,’ हा त्याचा सल्ला मला आपुलकीचा वाटला आणि मी ते खोके कित्येक महिने कपाटात तसेच जपून ठेवले. तक्रारीची मुदत तेवढ्यात उलटून गेली.

जोडणीला घ्यावे म्हणून शेवटी खोके उघडले, तेव्हा आतल्या पिशव्या कापून पुन्हा चिकटवलेल्या आढळल्या. कॅनोपीचा, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या आवरणाचा, पारदर्शक स्प्रू सुटाच पडला होता व त्यावर ओरखडे होते, आणि डिकलचा, म्हणजे विमानावर चिकटवायच्या चिन्हांचा, कागद पिवळा पडला होता. पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या पॅनेल लाइन कोरलेल्या नव्हत्या, त्या उठावाच्या होत्या, जशा जुन्या साच्यांत बहुधा असतात. जुना साचा असणे हा काही गुन्हा नव्हे. एकच साचा अनेक वर्षे वेगवेगळ्या खोक्यांतून विकला जातो आणि त्यातली काही किट्स आकाराच्या अचूकपणात आजही उत्तम ठरतात. पण मला नवा साचा सांगून हे दिले होते.

तरीही शंकेचा फायदा द्यावा म्हणून मी मोजमाप घेतले. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये २३४ मिलिमीटर. तो जुळला आणि मला हायसे वाटले. मग स्पिनर (नाकावरच्या पंख्याची टोपी) व रडर (शेपटीचे सुकाणू) लावून पाहत लांबी मोजली. मार्क ९ ची लांबी सुमारे ९.४७ मीटर असते, म्हणजे मॉडेलमध्ये १९७ मिलिमीटर यायला हवी होती. पट्टीवर १९० भरली, आणि ती मार्क ५ च्या ९.१२ मीटरशी तंतोतंत जुळणारी होती. त्यानंतर बाकीचे पुरावे आपोआप दिसू लागले. मार्क ९ ला चार पात्यांचा पंखा असतो, इथे तीनच पाती होती. मार्क ९ च्या दोन्ही पंखांखाली सारखेच दिसणारे चौकोनी रेडिएटर असतात. इथे उजव्या पंखाखाली रेडिएटर आणि डाव्याखाली तेल थंड करणारा लहानसा गोल कूलर होता.

विक्रेत्याचे उत्तर एका ओळीचे होते: ‘सील तुम्ही फोडले, आतले भाग तुम्हीच बदलले नाहीत कशावरून?’ त्यावर माझ्याजवळ पुरावा नव्हता, कारण खोके उघडताना मी चित्रीकरण केले नव्हते. पातळ प्लास्टिकचे ते वेष्टन गरम हवा देऊन कोणालाही घरी चढवता येते, हेही मला नंतरच समजले.

आता पैसे देण्यापूर्वी मी सील फोडायला लावतो, त्यासाठी किंमत कमी होणार असली तरी. विमानाच्या धडाचा अर्धा भाग पट्टीशेजारी ठेवून, त्याच दिवसाची तारीख लिहिलेल्या कागदासह छायाचित्र मागतो. पंखा, रेडिएटर आणि स्प्रूच्या चौकटीवर वर्ष कोरलेले असल्यास ते, यांचे जवळून घेतलेले छायाचित्रही मागतो. गेल्या वेळी अशीच मागणी केल्यावर एका विक्रेत्याने उत्तर देणेच बंद केले, आणि तो व्यवहार मी तिथेच सोडला.